कोपरा कापलेलं कार्ड

शिरूरच्या जुन्या स्टँडामागं हौसरावांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. आहे म्हणजे अर्धंच आहे. उजव्या बाजूला टायर, ट्यूबा, पंप आणि हौसराव. डाव्या बाजूला एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शिरूर आणि दौंड तालुक्यांचे नकाशे आणि हौसरावांची लेक ऋतिका. वर पाटी लावलेली: 'ऋतिका प्रॉपर्टीज, शेतजमीन व प्लॉट'. पंक्चर काढायला आलेला माणूस बिनदिक्कत ऋतिकाच्या खुर्चीत टेकायचा, आणि जमीन बघायला कुणी आलंच तर त्याच्या पांढऱ्या पॅंटला ग्रीस लागल्याशिवाय तो काही परत जायचा नाही.

ऋतिका आधी टेलिकॉलर होती. कोरेगाव भीमाच्या पुढं हायवेला एका प्लॉटिंगवाल्याच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून ती दिवसभर फोन करायची. "सर, एनए प्लॉट घ्यायचाय का?" सर कधी जेवत असायचे, कधी झोपलेले, कधी दवाखान्यात. शिव्यांची तिला सवय झाली होती. पण एक दिवस एका म्हाताऱ्यानं शिवी न देता शांतपणे विचारलं, "बाई, ती जमीन माझीच व्हती. तुमच्या मालकाला म्याच इकली. आता तीच परत घेऊ व्हय?" ऋतिकाला हसू आलं, मग लाज वाटली, आणि संध्याकाळी हेडफोन टेबलावर ठेवून ती घरी आली. स्वतःचा धंदा करीन, पण असा फोन पुन्हा लावणार नाही, असं तिनं बापाला सांगितलं.

हौसराव भला माणूस. आयुष्यभर दुसऱ्याच्या चाकात हवा भरली, तर लेकीच्या का भरू नये, असा विचार करून त्यांनी अर्धं दुकान मोकळं केलं. पण बापाचं काळीजही शेवटी व्यवहारी असतं. वर्ष उलटत आलं आणि पोरीचा एकही सौदा जुळेना, तेव्हा ते म्हणाले, "ऋते, दिवाळीपतोर बघ. एक तरी काम झालं तर पाटी ऱ्हाऊ दे. न्हाई झालं तर त्यो मोबाईलवाला विश्वजीत जागा मागतोय, त्याला देतो. तू आपली जा परत हेडफोन लावायला."

आता हे जमिनीचं काम आपल्याकडं कुठं चालतं? चहाच्या हॉटेलात, पानटपरीवर, आणि खरं बोलायचं तर दिवस कलल्यावर ढाब्यावर. कुणाच्या भावकीत बिनसलं, कुणाला पोराच्या शिक्षणासाठी तुकडा काढायचाय, कुणाचा जावई अडून बसलाय, हे तिथं कळतं. ऋतिका तिथं कशी बसणार? एकदा ती न्हावऱ्याच्या हॉटेलात एका पार्टीला भेटायला गेली, तर आख्खं हॉटेल गप्प. मालकानं फार मोठा मान दिल्यासारखं करून तिला फॅमिली रूममध्ये नेऊन बसवलं. पार्टी बाहेर, एजंट आत, मधे फुलाफुलांचा पडदा. सौदा कसला होतोय, कपाळ!

म्हणून तिला पोस्ट सुचलं. मोबाईलवर तिनं एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला होता. फोन माणूस कापतो, मेसेज न वाचता सोडून देतो, पण दारात आलेलं कार्ड हातात घेतोच घेतो, असं त्याचं म्हणणं. ज्यांची जमीन अडकून पडलीय, जे गावाबाहेर राहतात, ज्यांच्या सातबाऱ्यावर नावंच नावं आहेत, त्यांना कार्ड पाठवा, म्हणे. ऋतिकाला ते पटलं. सातबारा मोबाईलवर दिसतो, नावं त्यावर असतातच, आणि पत्त्याची चिंता आपल्याकडं कुणी करू नये. नाव लिहावं, गाव लिहावं, पत्र पोचतं. दाराला घरनंबर नसला तरी पोस्टमनला माणूस ठाऊक असतो.

तिचा सगळा जीव खरं तर एकाच गटावर जडला होता. यवतच्या अलीकडं, हायवेला अगदी चिकटून, काळीभोर जमीन. पुण्याच्या एका गोडाऊनवाल्या पार्टीनं तिला सांगितलं होतं, त्या बाजूला रोडटच तुकडा मिळवून दे, दिवाळीच्या आसपास, फक्त सह्यांचा घोळ नको. आणि घोळ तर तिथं चांगला बारा वर्षं मुरलेला. सातबाऱ्यावर नावं दोन: तात्याबा आणि त्यांची थोरली बहीण विठाबाई. बहिणीला घोडनदीकाठी इनामगावला दिलेली. बाप गेल्यावर रीतीप्रमाणं तात्याबांनी हक्कसोडीचा कागद पुढं केला. म्हणजे बहिणीनं सही करायची, आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, आणि बदल्यात साडी-चोळी घेऊन हसतमुखानं सासरी जायचं. विठाबाई म्हणाली, "करीन रं, पर घाई काय हाय?" एवढ्यावरनं तात्याबांचं डोकं फिरलं. बोलाचाली झाली, आणि तेव्हापासून ना भाऊबीज, ना राखी, ना एकमेकांच्या घरचं पाणी. ही भानगड यवतपासून न्हावऱ्यापर्यंत सगळ्या एजंटांना तोंडपाठ होती, आणि म्हणूनच त्या गटाकडं कुणी फिरकत नव्हतं. ऋतिकानं ठरवलं, आपण दोघांनाही कार्ड पाठवू. कार्डावर दोघांचीही नावं घालू. बघू काय होतंय ते.

कार्डं छापायला ती गनीचाचांच्या प्रेसमध्ये गेली. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं की तुमचं कार्ड बाकीच्या टपालातून उठून दिसलं पाहिजे, हाताला वेगळं लागलं पाहिजे. ऋतिकानं त्यावर डोकं चालवलं होतं. "चाचा, हा खालचा कोपरा तिरका कापायचा. सगळ्याच कार्डांचा."

गनीचाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोपरा कापायचा? पोस्टानं जायाच्या कार्डाचा?"

"व्हय."

"अगं पर बेटा, कोपरा..."

"चाचा, डिझाईन हाय ते. आता असंच चालतंय."

गनीचाचांनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. लग्नपत्रिका आजकाल पंख्याच्या आकाराच्या निघतात, केळीच्या पानाच्या निघतात, एकानं तर ट्रॅक्टरच्या आकाराची काढली होती. आपलं वय झालं, नव्या पोरांना काय सांगावं, असं म्हणून त्यांनी गठ्ठा मशीनखाली घातला आणि कच्चकन कोपरा उडवला.

त्यात तिनं मुहूर्त निवडला तोही बघा. पितृपंधरवडा चालू होता. या दिवसांत जमिनीचा बयाणा कुणी देत नाही, कुणी घेत नाही, म्हणून हाताशी वेळ होता. आत्ता टाकली तर दसऱ्याच्या आधी लोकांच्या मनात विषय घोळेल, असा तिचा हिशेब. एकेका कार्डावर तिनं स्वतःच्या हातानं पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं आणि गणपतीचं नाव घेऊन पत्ते लिहिलेला गठ्ठा पोस्टात दिला.

दोन-तीन दिवसांनी फोन वाजायला लागला. आधी एक, मग दुसरा, मग थांबेचना. वर्षभर मुकं बसलेलं ते यंत्र असं बोलू लागलेलं पाहून ऋतिकाला आनंदानं काही सुचेना. तिनं घसा साफ केला आणि पहिला फोन घेतला. "नमस्कार, ऋतिका प्रॉपर्टीज!"

"बाई, कोण गेलं?" पलीकडून एका म्हातारीचा आवाज.

"कोण कुठं गेलं?"

"अगं आमाला कार्ड आलंय. चष्मा घावंना म्हनून नंबरावर फोन लावला. कोण गेलं ते सांग की लौकर, पानी तापवाया ठिवलंय!"

"मावशी, कुणी न्हाई गेलं. तुमची जमीन इकायची हाय का?"

"अगं रांडंचे, माणूस गेलं न्हाई तवर जमिनीचं इचारतीस?" आणि फोन बंद.

पुढचा फोन केडगावचा. तिथल्या म्हाताऱ्याची अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ झाली होती आणि कुणाच्या नावानं केली हे त्याला कळत नव्हतं. त्यापुढचा फोन पाटसच्या एका माणसाचा. त्यानं शिरूरच्या झाडून सगळ्या पाहुण्यांना फोन लावले होते, सगळे जिवंत निघाले होते, आणि त्यातल्या एकाला तर त्याचा राग आला होता. ऋतिकाला काही कळेना. तिकडं हौसराव चाक फिरवता फिरवता कान देऊन होते. ते उठले, हात पुसता पुसता तसेच टेबलाशी आले आणि उरलेल्या गठ्ठ्यातलं एक कार्ड उचललं. दुसऱ्याच क्षणी विंचू चावल्यासारखं त्यांनी ते दुकानाबाहेर फेकलं.

"अगं भवाने, हे मरणाचं पत्र की!"

मग त्यांनी तिला सांगितलं. फोन नव्हते तेव्हा माणूस गेल्याचं कार्ड पाठवायचं तर त्याचा कोपरा फाडून पाठवायचे. पोस्टमन ते हातात देताना खाली बघायचा. ते घरात न्यायचं नाही, देवापुढं तर नाहीच. दारातच उभं राहून वाचायचं, वाचलं की फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. कोपरा नाही हे दिसलं की अर्ध्या बायका पुढचं ऐकायच्याही नाहीत, तिथंच हंबरडा फोडायच्या. ऋतिकाच्या जन्माच्या आधीच कार्डं गेली आणि तिच्या हातात मोबाईल आला. कोपऱ्याचं तिला कोण सांगणार?

"मला आधी का न्हाई सांगितलं?"

"तू मला दावलीस कवा?"

ती धावत गनीचाचांकडं गेली. चाचा म्हणाले, "म्या तोंड उघडलं व्हतं बेटा. तूच म्हनालीस डिझाईन हाय." आणि मग त्यांना इतकं हसू आलं की प्रेस बंद करून त्यांना पाणी प्यावं लागलं. ऋतिकाला रडू येत होतं. दोन तालुक्यांत तिनं एका फटक्यात सुतक वाटलं होतं.

संध्याकाळच्या आत यवतहून फोन आला. बाईचा आवाज, तरुण, पण धार असलेला. "तुमीच का त्या कार्डवाल्या? मी तात्याबांची सून, अक्षदा. मामंजींनी बोलिवलंय. उद्या या. न्हाई आलात तर आमी तिकडं येतो, समदी मिळून."

ऋतिकानं फोन टेबलावर ठेवून बापाला सगळं सांगितलं. हौसराव एवढंच म्हणाले, "चुकलंय ना? मग जायचं आन् तोंडावर माफी मागायची. मारत्याल काय?" थोडं थांबून म्हणाले, "मारलंच तर गाडी चालू ठिव."

दुसऱ्या दिवशी ती स्कूटीवर निघाली. न्हावरा मागं पडलं, चौफुल्याला ती हायवेला लागली, आणि यवत जवळ येऊ लागलं तशी तिनं मनात माफीची वाक्यं जुळवून ठेवली. तात्याबांच्या अंगणात पोचली आणि ती सगळी विसरली. ओट्यावर एक म्हातारा आणि एक म्हातारी शेजारीशेजारी बसून कचाकचा भांडत होती. समोर शेवंतीच्या फुलांचे क्रेट रचलेले, आणि आतून तुपात रवा भाजल्याचा वास येत होता.

"आली का कार्डवाली? ये, ये," म्हातारी म्हणाली. "ये पोरी, बस. आन् तूच सांग. हा म्हनतो मी नीट रडले न्हाई म्हनून!"

"नीट म्हंजी काय?" तात्याबा म्हणाले. "समद्या आळीनं ऐकलं. म्हनं, माझ्या भावाला लई राग व्हता. अगं मेलेल्या माणसाचं कुनी असं सांगतं व्हय?"

हळूहळू ऋतिकाला उलगडा झाला, आणि तो तुम्हालाही सांगतो. कार्ड दोघांकडं एकाच दिवशी पोचलं. तात्याबांना मोतीबिंदू. त्यांना दिसला तो कापलेला कोपरा, शिरूरचा शिक्का, आणि डोळे ताणून वाचलं तर बहिणीचं नाव. पुढं वाचायचं काय राहिलं? त्यांनी कार्ड फाडलं, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी घेतलं, आणि सुनेला काही न सांगता ओल्या धोतरानं एसटीत जाऊन बसले. तिकडं इनामगावला विठाबाईचं कार्ड शेजारच्या मुलीनं वाचायला घेतलं. "मौजे यवत... तात्याबा..." एवढं कानावर पडलं आणि म्हातारीनं कोपरा पाहिला. कांदा भरलेला एक टेंपो चौफुल्यावरनं पुण्याला निघाला होता, तिनं तोच धरला.

म्हणजे वाटेत कुठंतरी एसटी आणि टेंपो एकमेकांना ओलांडून गेले.

विठाबाई आळीच्या तोंडाशी उतरली आणि तिथूनच तिनं सूर लावला. "माझ्या माहेराचं दार बंद झालं गंऽ! माझ्या भावाला लई राग व्हता गंऽ, पर काळीज लोण्याचं व्हतं!" आळीतल्या बायका गोळा झाल्या. त्यांना कळेना, तात्याबा तर सकाळी दूध घेऊन जाताना दिसले होते. अक्षदा फुलं निवडायची टाकून धावत बाहेर आली आणि आत्याबाईंना मिठी मारून म्हणाली, "आत्याबाई, रडू नगा. मामंजी तुमच्याच मातीला गेल्यात असं वाटतंय! ओल्या धोतरानं शिरूरच्या गाडीत बसले, गावातली माणसं सांगत्यात."

आणि तात्याबा? ते इनामगावात पोचले तर बहिणीच्या दाराला कडी. अंगणात चिटपाखरू नाही. सगळे घाटावर गेले असणार, असं धरून ते थेट नदीवर गेले. तिथं ना सरण ना माणूस. आपल्याला उशीर झाला, सगळं उरकलं, आता राखसुद्धा नाही, असं त्यांना वाटलं आणि तो राठ माणूस टॉवेलात तोंड खुपसून पोरासारखा रडला. शेरडं घेऊन चाललेल्या एका बाईनं विचारलं, "आबा, कुनाचे तुमी?" ते म्हणाले, "विठाबाईचा भाऊ. आक्काला कवा नेलं?" त्या बाईनं आधी कपाळाला हात लावला आणि मग म्हणाली, "अवो, ती सकाळीच तुमच्या मातीला गेलीया!" आल्या पावली ते यवतला परतले, तर बहीण त्यांच्याच ओट्यावर.

हे सांगताना विठाबाई हसत होती, डोळे पुसत होती आणि मधेच भावाच्या पाठीत गुद्दे घालत होती. तात्याबांना ते गुद्दे आवडत होते हे स्पष्ट दिसत होतं. ऋतिकानं हात जोडले. "आबा, आत्या, माझी चूक झाली. मला ठाऊकच नव्हतं."

"अगं, चूक कसली!" विठाबाई म्हणाली. "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंय. आमचं दोगांचं वाढलं. अक्षदे, आण गं शिरा."

शिरा आला. ऋतिकानं खाल्ला. भीती गेली होती आणि आता तिला दुसरंच काही सुचत होतं. ज्या दोन माणसांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत म्हणून आख्खा बाजार त्या गटाला हात लावत नव्हता, ती दोन्ही माणसं तिच्यासमोर एका ताटात खात होती. पण आज तोंड उघडायचं तिला धाडस होईना.

विषय तात्याबांनीच काढला. "पर पोरी, त्या कार्डात लिवलं काय व्हतं, ते आमी दोगांनी बी वाचलंच न्हाई. वाच की."

तिनं पर्समधून एक कार्ड काढलं आणि वाचलं. आपल्या सामाईक जमिनीविषयी, आपण विक्रीचा विचार करत असाल तर. वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला. 

विठाबाईनं ताट बाजूला सरकवलं. "तात्या, त्यो कागद हाय का रं अजून? सोडायचा?"

"हाय की ट्रंकंत," तात्याबा म्हणाले.

"आण. आजच करून टाकते. काय करायचीय मला जमीन? माजा भाऊ जित्ता हाय, मला समदं मिळालं. मंग तू इक, ठिव, काय बी कर."

तात्याबा नको नको म्हणाले, पण ते नको म्हणत म्हणतच उठले, आत गेले आणि कागद घेऊन आले. पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला. विठाबाईनं तो गुडघ्यावर पसरला आणि हात पुढं केला. "पोरी, पेन दे."

पेन ऋतिकाच्या हातातच होतं. छापून घेतलेलं, वर तिच्याच दुकानाचं नाव असलेलं. एवढं पेन दिलं की हक्कसोडीची वाट मोकळी, जमिनीवर एकट्या तात्याबांचं नाव, सह्यांचा घोळ संपला, गोडाऊनवाली पार्टी तयार, दिवाळी अजून लांब. तिचं टेबल वाचत होतं. सगळं अगदी ताटात वाढून पुढं आलं होतं. आणि तिला मोबाईलवर पाहिलेले सातबारे आठवायला लागले. कमी झालेली नावं तिथं कंसात जातात. गावोगावच्या कंसांत तिनं वाचलेल्या त्या सगळ्या बहिणी: नकुशी, ताईबाई, सोनाबाई. एकेका कंसात एकेक साडी-चोळी.

"न्हाई देत," ती म्हणाली.

"काय?"

"आत्या, पेन न्हाई देत. आज तुमचा भाऊ सापडला म्हनून तुमी आनंदात सही करताय. आजच्या दिशी कुनी किडनी मागितली तरी द्याल. असा कागद आज करायचा नसतो. पुढं-मागं शांत डोक्यानं करा, मी आडवी येनार न्हाई. आज मातूर मी पेन देनार न्हाई."

तात्याबांचा चेहरा लाल झाला. "तू जमिनीची एजंट हायस का माझ्या बहिनीची वकील?"

"एजंटच हाय, आबा. म्हनून तर सांगते. दोन नावं हायती त्या जमिनीवर."

 ऋतिका उठली, पुन्हा एकदा हात जोडून निघाली. ती गाडीला किक मारत होती तेव्हा अक्षदा जवळ आली आणि ओट्याकडं पाठ करून हळूच म्हणाली, "ताई, मी माझ्या लग्नाच्या आधीच सही करून आले. पेन भावानंच दिलं." आणि शेवंतीचा एक पुडा तिच्या डिकीत टाकून ती आत निघून गेली.

परतीच्या वाटेवर ऋतिकाला स्वतःचा इतका राग आला की तिनं न्हावऱ्याला गाडी थांबवून चहा घेतला, आणि या वेळी फॅमिली रूममध्ये न बसता बाहेरच्या बाकावर बसून घेतला. धंदा करायला निघाली आणि आलेला धंदा हातानं घालवला. असं करणारी एजंट दोन्ही तालुक्यांत दुसरी नसेल. पण मन म्हणत होतं, झालं ते बरंच झालं, आणि ते मन काही केल्या ऐकत नव्हतं.

दसरा गेला. यवतहून फोन नाही. गोडाऊनवाली पार्टी रोज विचारायची, आणि ती रोज थांबा म्हणायची. बाकीच्या कार्डांचे फोनही आटले. जो तो आपापलं माणूस जिवंत पाहून जमिनीचं विसरून गेला होता. पाडव्याच्या सकाळी ऋतिका स्वतःच स्टुलावर चढली आणि पाटी खाली उतरवली. दिलेला शब्द होता.  हौसराव नसलेलं पंक्चर शोधत एक ट्यूब पाण्यात बुडवत बसले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दुपारी फोन वाजला, तात्याबांचा.

"पोरी, आक्का आलीया भाऊबीजेला. रातभर आमी बोललो. आधी भांडलो, मंग बोललो. आज तिनं ओवाळलं, पर ताटात काय टाकावं ते मला सुचंना. साडी टाकावी, तर ती म्हनली बारा वर्सांच्या बारा आण. पैका टाकावा, तर शेतातच निम्मं तिचं हाय, तिचंच तिला काय घालू? मंग त्यो कागद आनला आन् चुलीत घातला."

ऋतिका खुर्चीतून उठून उभी राहिली.

"आता ऐक. रोडकडंचा पट्टा तुझ्या पार्टीला द्यायचा. दोगांच्या सह्यांनी, पैसं निम्मंनिम्मं. मागची शेवंती न्हाई इकायची, ती सामाईकच. तिच्या बी नावानं, माझ्या बी. आक्का म्हनते एजंट तूच पायजे. दुसरं कुनी असतं तर कवाच पेन दिलं असतं म्हनते."

हौसराव हातातली ट्यूब तशीच टाकून उठले. त्यांनी आधी पाटी जागेवर लावली, एका बाजूनं थोडी तिरकीच, आणि मग विश्वजीतला फोन करून सांगितलं की बाबा, तुझी तू दुसरीकडं बघ.

कार्तिक सरता सरता सगळे दौंडच्या रजिस्टर ऑफिसात जमले. बाहेर झाडाखाली दस्त लिहिणारा एक माणूस बसला होता. बहिणीला घेऊन आलेले भाऊ त्यानं आयुष्यभर पाहिलेले. नऊवारीतली म्हातारी आणि शेजारी फेट्यातला म्हातारा बघून त्यानं मान वर न करताच सवयीनं विचारलं, "हक्कसोड ना?"

विठाबाई थांबली. "न्हाई बाबा," ती म्हणाली. "इक्री. माझी बी हाय जमीन."

त्या माणसानं मान वर केली. ऋतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलं नाही. आत नाव पुकारलं गेलं. खिडकीशी एकच माणूस उभा राहील एवढी जागा होती. तात्याबा सवयीनं पुढं झाले, मग मागं सरकले आणि म्हणाले, "आक्का, तू आदी कर."